शालिक, गोली अजून तुझ्याच पटावर आहे

सर्व गावकरी, खेळाडू, तलावाच्या पाळीवर बसलेले आणि पाळीवरून घसरलेले प्रेक्षक यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सहा गावांच्या तळहॉकी लीगच्या दोन सदस्यीय नियम समितीत आता एकच सदस्य उरलेला आहे. नियम पहिला असा की, दोन्ही सदस्यांचे एकमत झाल्याशिवाय कोणताही नियम बदलता येणार नाही. सबब, समिती शाबूत आहे. तिच्याकडे माईक आहे, आवाज आहे, प्लास्टिकची खुर्चीसुद्धा आहे. फक्त तिला काहीही करता येत नाही. कळावे.

शालिक, हे निवेदन मी पाळीवरून वाचणार होतो. पण एकट्याने वाचायला तरी परवानगी आहे का, हेच ठरेना. म्हणून आधी तुला ऐकवतो आहे. हरकत असेल तर आत्ताच घे.

तुला जाऊन चाळीस दिवस झाले. तू फौजेत हवालदार होतास, मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष होतास, हे सगळं संस्थेच्या दारावरच्या बोर्डावर लिहून झालं आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. तू मध्येच उठून गेलास, आणि नेहमीसारखा माझा मुद्दा अर्धा ऐकून गेलास.

तू फौजेतून आलास तेव्हा ट्रंकेत दोन ब्लँकेटं होती आणि डोक्यात एक खूळ होतं. लडाखकडे गोठलेल्या तलावावर जवानांना हॉकी खेळताना तू पाहिलं होतंस. आमच्या कोसमगावात बर्फ फक्त मासळीच्या पेटीत असतो, आणि उन्हाळ्यात तोही पेटी उघडेपर्यंत टिकत नाही. मी पोट धरून हसलो. तू अजिबात हसला नाहीस.

"त्याईचा तलाव गोठला का त्याईले मैदान भेटते," तू म्हणालास. "आपला आटला का आपल्याले भेटते. फरक काय हाये गा वामन्या?"

फरक काहीच नव्हता. चैत्रात पाणी मधल्या डबक्यात सरलं की सभोवतालचा तळ उघडा पडायचा. तू भेगा बुजवल्यास, धुम्मसाने चोपून घेतलंस आणि वरून बायांकडून शेणमातीनं सारवून घेतलंस. तिकडे बर्फ गुळगुळीत करायला गाडी फिरते म्हणे. आपल्याकडे तुझ्या घरची कांतावहिनी आणि तिच्या दहा जणी फिरल्या. चेंडूऐवजी ट्रॅक्टरच्या जुन्या टायरची चकती कापली, बांबू आगीवर धरून खालून वाकवले, फाटक्या जाळ्याचे गोलपोस्ट केले. लग्नाचे भोंगे भाड्याने देणारा मी, मला तू म्हणालास, "तू बोलजो. तुले तसंही चूप बसता येत नाई." माझ्या आयुष्यात मला एवढं नेमकं काम दुसऱ्या कोणी दिलं नाही.

मग मोबाईल आला आणि तू पार बिघडलास. जाळी विणता विणता परदेशातल्या त्या बर्फावरच्या मोठ्या लीगचे सामने पाहू लागलास. सामन्यांपेक्षा तुला मॅनेजरांमध्ये जास्त रस. कोणी कोणाला सोडला, कोणाला ठेवला, कोणी बुढा खेळाडू देऊन दोन तरणे घेतले. एका संघानं कित्येक वर्षं जाळ्यासमोर उभा राहिलेला आपला गोली दुसऱ्या संघाला देऊन टाकला, त्या दिवशी तू जेवला नाहीस. वहिनीनं विचारलं, काय झालं? तू म्हणालास, "गोली गेला." बिचारीनं डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "अरे देवा. लेकरंबाळं होते का त्याले?"

तिकडचे सगळे नियम तुला इकडे पाहिजे होते. तिकडे दोघं भांडले तर पंच बाजूला उभा राहतो. ते हातमोजे फेकतात, मनसोक्त हाणतात आणि पाच मिनिटं शिक्षेच्या खोलीत जाऊन बसतात. तू म्हणालास, आपणही असंच करू. मी म्हणालो, "आपल्याकडं भांडण लागलं त आज्यापर्यंत जाते. पाच मिनटात नुसती नांदी होते." हा एक मुद्दा मी जिंकलो. लिहून ठेव, एकच.

शिक्षेच्या खोलीचा मुद्दा तू जिंकलास. पाळीच्या टोकाला ग्रामपंचायतीचा कोंडवाडा होता, मोकाट गुरं कोंडायचा. दगडी भिंती, लोखंडी फाटक. फाऊल करणारा दोन मिनिटं तिथे. तिथपर्यंत चालत जाऊन परत यायलाच पाच मिनिटं लागत, पण तू म्हणायचास की शिक्षा ती शिक्षा. दुसऱ्याच वर्षी पंचाला शिवी दिली म्हणून मी तुलाच आत पाठवलं. आत आधीच कोणाची तरी म्हैस होती. फाटकाची कडी अडकली ती अडकलीच. अख्खा उत्तरार्ध तू भिंतीवरून मुंडकं काढून ओरडत होतास, याला बाहेर घे, त्याला पुढे घाल. तुझ्या शेजारी म्हैस मुंडकं काढून तितक्याच गांभीर्यानं सामना पाहत होती. माईकवर मी म्हणालो की कोसमगावला आता दोन मॅनेजर आहेत, त्यातला एक शांत आहे. तू चार दिवस बोलला नाहीस माझ्याशी.

बरोबरीचं भांडण तर तसंच राहिलं. तुझं म्हणणं, कोणीतरी गोल करेपर्यंत खेळत राहायचं. माझं म्हणणं, पाच-पाच फटके मारा आणि घरी जा, कारण अंधार पडला की मधल्या डबक्यावर पाणी प्यायला तिसरा संघ येतो आणि त्याला पट्टे असतात. एकदा तो खरंच पलीकडच्या काठावरून गुरगुरला आणि सहाही गावांनी एकमतानं बरोबरी मान्य केली. तरी तू म्हणालास, "वाघानं निकाल देला, नियमानं नाई."

आता मूळ दुखण्याकडे येतो.

पहिल्या वर्षी एका गड्याला पलीकडच्या गावानं कोंबडीचं जेवण कबूल केलं, तर तो मध्यंतरात शर्ट बदलून त्यांच्याकडून खेळायला उभा राहिला. त्यावर आपण नियम केला. आपण काय, मीच शब्द जुळवले. ज्याचं नाव ज्या संघाच्या पटावर लागलं, तो त्याच संघाचा. ज्या मॅनेजरनं ते नाव लावलं त्यानंच स्वतःच्या तोंडानं, समितीसमोर, 'सोडलं' म्हटल्याशिवाय तो दुसरीकडे जाणार नाही. बायांनाही हेच लागू, कारण प्रत्येक संघात दोन बाया घेतल्याशिवाय माणसंच पुरत नव्हती. कागद केला नाही. तू म्हणालास, "कागद फाटते." सहाही मॅनेजरांनी तलावाचा गाळ मुठीत घेऊन कबूल केलं. इथं गाळ हातात घेऊन बोललेलं कोणी मोडत नाही, हे तुला माहीत होतं.

तेव्हा चिचघाटच्या मॅनेजरनं, दसरूजींनी, विचारलं होतं, "अन् दोघातला एक मेला त?"

आपण दोघं एकमेकांकडे पाहून हसलो. "मंग लीग कोण पाहते?" तू म्हणालास. मीही मान डोलावली. एवढे मोठे दोन मूर्ख साऱ्या झाडीपट्टीत शोधून सापडले नसते.

पुढे तुझ्या सुषमाचं लग्न त्याच दसरूजींच्या मुलाशी झालं. पोट्टी गोलात उभी राहिली की चकती तिला भीत होती, असं मी माईकवर म्हणायचो, आणि ती अतिशयोक्ती नव्हती. जुन्या गादीचे पॅड, जाळ्याच्या दोरीनं बांधलेले, आणि त्यातून ते दोन डोळे. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात तू मोटारसायकल घेऊन चिचघाटला गेलास आणि तिला दोन महिन्यांसाठी घेऊन आलास. पटावर नाव होतं ना. खेळाडू आहे, सराव पाहिजे.

पण तेच तेंदूपत्त्याचे दिवस. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी पुडे बांधायचे. त्या दिवसांत घरातले हात मोजलेले असतात. सासरच्यांनी एक वर्ष धकवलं, दुसऱ्या वर्षी कुरकुर केली. सुषमाच तुला म्हणाली, "बाबा, मले सोडा. मी चिचघाटकडून खेळतो. सकाळी पान तोडतो, संध्याकाळी खेळतो, रातच्याले आपल्या घरी."

"गोली कोणी सोडते का?" तू म्हणालास.

आणि शालिक, तू काय मॅनेजर होतास ते मी पाहत होतो. शेवटच्या मिनिटाला एका गोलानं मागे असलं तर गोलीला बाहेर काढून जास्तीचा खेळाडू घालायचा, हे तू सहाही गावांना शिकवलंस. न ऐकणाऱ्याला तू गाढव म्हणायचास. स्वतः मात्र एकदाही सुषमाला बाहेर काढलं नाहीस. हरलास, पण काढलं नाहीस. विचारलं तर म्हणायचास, माझं गणित वेगळं आहे.

गेल्या उन्हाळ्यात ती आली ती गाल फुगवूनच आली. पॅड बांधता बांधता तुला म्हणाली, "बाबा, मी गाय हाव का? कोंडवाड्यात टाकल्यावाणी ठेवून राह्यले मले." मी माईक बंद केला. तू खाली बसून तिच्या पायाच्या पॅडची गाठ पुन्हा बांधलीस, उगाच, ती चांगलीच बांधलेली होती. मग म्हणालास, "नियम हाये." आणि माझ्याकडे बोट दाखवलंस. "यानंच केला."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं की नियम माझा आहे, पण सोडायचं तोंड तुझं आहे. मी बोललो नाही. माझ्यासारख्या बडबड्या माणसाचं न बोललेलं वाक्य फार दिवस अंगावर राहतं.

होळीनंतर तुला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. मी आलो तो ठरवूनच आलो होतो, की आज तुझ्याकडून 'सोडलं' म्हणवून घ्यायचं. तू नाकात नळी घेऊन मोबाईल पाहत होतास. तिकडे कोणाचा तरी गोल पंचांनी चित्रफीत पाहून रद्द केला होता आणि तू संतापला होतास. "डोयानं दिसला तो गोल," तू म्हणालास, "मशीन कोण होते सांगणारी?" मी म्हणालो, मशीन खोटं बोलत नाही. तू म्हणालास, खरंही बोलत नाही, नुसतं दाखवते. अर्धा तास आपण असे भांडलो. नर्सबाई दोनदा रागावल्या. मला फार बरं वाटलं.

आणि मी विचारलंच नाही. कारण 'सुषमाले सोड' म्हणायचं तर त्याचा अर्थ एवढाच होता, की या हंगामात तू नसशील. ते मी तुझ्या तोंडावर कसं म्हणू? मी उठताना तू म्हणालास, "बरोबरीचं उद्या ठरवू." मी म्हणालो, हो. ते आपलं शेवटचं.

तेरवीला मी उभा राहून म्हणालो, आपण सगळे शालिकभाऊसाठी दोन मिनिटं गप्प बसू. तर दसरूजी घास हातात घेऊन म्हणाले, "दोन मिनटं? काऊन, त्यानं काय फाऊल केला?" सगळी पंगत हसली. वहिनीसुद्धा हसली, आणि हसता हसता आत निघून गेली.

त्याच पंगतीत मी विषय काढला. म्हणालो, शालिकचं तोंड आता नाही, नियम थोडा सैल करू. पाच मॅनेजर माझ्याकडे असे पाहू लागले जसं मी देवळातून घंटा चोरली. "तुमचाच नियम होय भाऊ," एक म्हणाला. मी दसरूजींकडे पाहिलं. सगळ्यात मोठी गरज त्यांची. त्यांच्या गोलीला चकती जवळ आल्यावर दिसते. पण तेही म्हणाले, "मले गोली पाह्यजे, नाई म्हणत नाई. पण गाळ हातात घेऊन बोललो हाव. दोघाईनं सांगा, मी आत्ता नेतो." आता दोघाईनं कुठून सांगू? मी दुसऱ्याला कुठून आणू?

आणि तुझ्याशिवाय सुषमाला घेऊन येणार कोण? आमच्या इथून कोणी गेलं, तर तेंदूच्या दिवसांत सून पाठवा म्हणायची हिंमत कोणाला? चिचघाटकडून खेळता येत नाही, कोसमगावला येता येत नाही. म्हणजे पोट्टीनं पाळीवर बसून टाळ्या वाजवायच्या. तिच्या नवऱ्याकडून निरोप आला, ती म्हणते पॅड कोणालाही देऊन टाका. शालिक, तो निरोप ऐकला आणि मी तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की दोन मिनिटं काय, अख्खा हंगाम कोंडवाड्यात काढावा लागला असता.

मग मी ठरवलं, खोटं बोलायचं. त्यात माझा हात धरणारं कोणी नाही. दवाखान्यात शेवटच्या भेटीत तू समितीसमोर, म्हणजे माझ्यासमोर, स्वतःच्या तोंडानं 'सोडलं' म्हणालास, असं सांगायचं. तू नाकारायला येणार नव्हतास. आणि आलास तर त्याहून काय पाहिजे होतं?

परवा कोसमगाव आणि चिचघाटचा सामना होता. चिचघाटची माणसं ट्रॅक्टरनं आली. सुषमा सासूशेजारी पाळीवर बसली. थोड्या वेळानं कांतावहिनी घरून आली, लेकीच्या दुसऱ्या बाजूला बसली. आपल्या जाळ्यासमोर पीठगिरणीवाला उभा केला होता, कारण तो रुंद आहे. मी माईक हातात घेतला, घसा साफ केला, आणि आयुष्यात कधी बोललो नाही इतकं सुंदर खोटं बोललो. तुझा दम लागलेला आवाज काढला. "वामन्या, पोट्टीले सोडलं मी," असं तुझ्याच सुरात म्हणालो. दोन-तीन बायांनी डोळ्यांना पदर लावला. दसरूजी हात जोडून उठले.

मला वाटलं, सुषमाचा चेहरा उजळेल. तिनं मान खाली घातली. तीन वर्षं जे मागत होती ते मिळालं, आणि ती पाळीवरचं गवत उपटत बसली.

आता निकाल आधी सांगतो. मी कुठलाही सामना सांगायला घेतला की तू म्हणायचास, पहिले निकाल सांग, बाकीचं तुझं नाटक मंग ऐकतो. तर आपण एका गोलानं हरलो. पण उत्तरार्धात आपल्या जाळ्यासमोर पीठगिरणीवाला नव्हता, सुषमा होती, कोसमगावकडून. नऊ फटके अडवले, त्यातले दोन नवऱ्याचे. तो परत जाताना कानकोंडा होऊन हसत होता. शेवटच्या मिनिटाला सगळे ओरडत होते, गोली बाहेर काढा, गोली बाहेर काढा. तुझ्या जागी मॅनेजर म्हणून मी उभा होतो. नाही काढली. गणित कळलं नाही, पण हात वर होईना.

सामना संपल्यावर दसरूजी म्हणाले, "नियमापरमानं तुमची हाये त तुमची हाये. सकाळी पान तोडल, संध्याकाळी मी आणून देईन टॅक्टरनं, खेळ झाला का घेऊन जाईन. अकरा किलोमीटर त हाये."

अकरा किलोमीटर! तीन वर्षं दोन गावं, एक समिती आणि एक लेक यात अडकली होती, आणि हे कोणाला सुचलं नाही. तुला सुचलं असणार, लबाडा. पण तुला संध्याकाळपुरती गोली नको होती. तुला दोन महिने घरात ताटाला ताट लावून जेवणारी लेक पाहिजे होती, आणि ती मागायला तुझ्याकडे नियमाशिवाय दुसरी भाषा नव्हती. तिला ते कोंडवाडा वाटलं, ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. फाटक तूच लावलं होतंस, कडी मी करून दिली होती.

पॅड सोडताना तिनं मला विचारलं, "काका, आता मले कोण सोडल?" मी म्हणालो, कोणीच नाही. नियम बदलायला दोघं लागतात, आणि सोडायला तुझा बाप. तिनं गादीचे पॅड काखोटीला मारले आणि ट्रॅक्टरवर चढली. म्हणजे ती अडकली, मी अडकलो. बरोबरीचा नियमही अडकला, तो आता जन्मभर तसाच. तू तेवढा सुटलास.

राहिलं ते एवढंच, की माझं इतकं देखणं खोटं असताना ती आपल्या गोलात गेली कशी. माझं वाक्य भोंग्यातून पार पलीकडच्या काठापर्यंत गेलं. दसरूजी हात जोडून उभे. सुषमा गवत उपटते आहे. आणि कांतावहिनी उठली. तीच वहिनी, जी इतक्या वर्षांत चार माणसांत माझ्यासमोर मान वर करून बोलली नाही, जी दवाखान्यात सतरा दिवस तुझ्या उशाशी बसून होती. माईक लागला नाही तिला. सहाही गावांना ऐकू जाईल अशी ओरडली:

"काऊन खोटं बोलून राह्यले भाऊजी? म्या त्याईले दहादा म्हणलं, सोडा आता पोरीले! नाई सोडली त्याईनं! मरेपर्यंत नाई सोडली!"